भाच्याच्या सिनेमात पाच लाख घालावेत का?

सुमनगंध
नमस्कार मंडळी. विषय घरगुती आहे, पण इथे सिनेमावाले बरेच आहेत म्हणून विचारते.

माझ्या बहिणीचा मुलगा, वय ३१. सात-आठ वर्षं मालिका आणि जाहिरातींत सहायक म्हणून राबतोय. कॉलेजात फिरोदिया करंडक (कॉलेजांची एकांकिका स्पर्धा) केला तेव्हापासून डोक्यात हे एकच. आता स्वतःचा मराठी सिनेमा लिहिलाय. मी वाचला, मला आवडला (मी मावशी आहे हे धरून चाला). भोरजवळच्या एका गावात २२ दिवस शूटिंग, सगळा मिळून खर्च ४८ लाख. त्यातले १५ त्याचे आणि दोन मित्रांचे जमलेत. उरलेल्यासाठी पाच-पाच लाख देणारी माणसं शोधतोय. गेल्या रविवारी पुरणपोळी खाता खाता म्हणाला, "मावशी, तू एक युनिट घे ना."

माझी एफडी मार्चमध्ये सुटतेय हे त्याला कुणी सांगितलं देव जाणे. (बहिणीने.)

नवरा म्हणतो दे, पण परत येतील असं समजू नकोस. मुलगी म्हणते अजिबात देऊ नकोस. मला विचारायचंय ते एवढंच: असे पैसे परत येतात का, आणि येत असले तर नेमके कुठून येतात?

बोका
रुमाल टाकून ठेवतोय.

शनवारातला
एफडीला हात लावू नका. सिनेमाला मदत करायची असेल तर तिकीट काढा, दोनशे रुपयांत हौस भागते आणि नातंही टिकतं.

खटपट्या
शनवारातला, तुम्ही शेवटचा मराठी सिनेमा तिकीट काढून कधी बघितलात?

ताई, मी या वाटेने जाऊन आलोय, म्हणून जरा लांबण लावतो. आमचा सिनेमा ३८ लाखांत झाला. चौघे मित्र, माझ्या सासऱ्यांचे सहा लाख धरून. शूटिंग झालं, एडिट झालं, रंगसंस्कार झाले, साऊंड झाला, सेन्सॉर झालं आणि तिथे पैसे संपले. वितरक म्हणाला, अमुक शुक्रवारी लावू. पुणे-पिंपरीत मिळून तीन शो. त्यातला एक सकाळी ९.४० चा.

त्या सकाळी आम्ही नटूनथटून गेलो. खिडकीवरचा मुलगा म्हणाला, "सर, पाच तिकिटं तरी जायला हवीत, नाहीतर शो रद्द करावा लागेल." तीन गेली होती. दोन मी काढली. माझ्याच सिनेमाची, पूर्ण पैसे भरून. आत जे तिघे होते त्यातल्या एका आजोबांना शेजारच्या पडद्यावरचा हिंदी सिनेमा बघायचा होता. मध्यंतरात त्यांच्या ते लक्षात आलं. पण बसले बिचारे शेवटपर्यंत, आणि जाताना मला म्हणाले, "बरा होता." आमचं पहिलं परीक्षण.

सोमवारी शो उतरले. मंगळवारपासून फोन सुरू झाले, "अरे, कुठे लागलाय? या शनिवारी सगळे जाणारोत."

आता पैसे कुठून येतात ते. समजा तिकीट १५० रुपयांचं. त्यातला १८ टक्के जीएसटी काढला की उरतात १२७. पहिल्या आठवड्यात त्यातलं साधारण निम्मं थिएटरचं, पुढच्या आठवड्यांत आपला वाटा आणखी उतरतो. उरलेल्या ६३ रुपयांतून वितरकाचं कमिशन आणि पडद्यापर्यंत डिजिटल प्रत पोचवायचं भाडं. तुमच्या भाच्याच्या हातात पन्नास आले तर देव पावला. ४८ लाख भागिले ५०: ९६ हजार माणसं. त्याला विचारा, ही ९६ हजार माणसं कुठे राहतात?

पश्चिमा
बाप रे. पण शंभरच्या आतलं तिकीट ठेवलं तर कर कमी लागतो ना?

खटपट्या
हो, सप्टेंबर २०२५ पासून शंभरपर्यंतच्या तिकिटावर ५ टक्के आहे, आधी १२ होता. पण मल्टिप्लेक्समध्ये तिकीट किती ठेवायचं हे निर्माता ठरवत नाही. आणि पूर्वी मराठी सिनेमाला करमणूक कर माफ होता, ते दिवस जीएसटीबरोबर गेले.

मिरची
सरकार ४० लाख देतं की मराठी सिनेमाला! मग घाबरायचं कशाला?

खटपट्या
मिरची, हा गैरसमज फार माणसांना महागात पडलाय. अनुदान सिनेमा तयार झाल्यावर मिळतं, करायला नाही. समिती बघते, गुण देते. ७१ किंवा त्याच्या वर गेलात तर 'अ' दर्जा, ४० लाख. ५१ ते ७० मध्ये 'ब', ३० लाख. पन्नासात अडकलात तर काही नाही. पैसे खात्यावर येईपर्यंत व्याजाने घेतलेल्या रकमेला दात फुटलेले असतात. अनुदान मिळालं तर सोन्याहून पिवळं, पण ते धरून बजेट करणं म्हणजे बाजारात तुरी.

सुमनगंध
खटपट्या, मनापासून आभार. आजोबांचं वाचून हसले आणि मग वाईट वाटलं.

आज त्याच्याकडून खर्चाचा कागद मागवला. कॅमेरा, लाईट, मुक्काम, गाड्या सगळं व्यवस्थित लिहिलंय. जेवणाचा तर चोख हिशेब: ४० माणसं, २२ दिवस, माणशी रोज ३५०, एकूण ३ लाख ८ हजार. मी कॅल्क्युलेटरवर करून बघितलं, बरोबर आहे. सगळ्यात खाली एक ओळ आहे, 'प्रसिद्धी व प्रदर्शन'. तिच्यापुढे आकडा नाही. लिहिलंय, "नंतर बघू".

टिंब
सिनेमाचं नाव हेच ठेवा. नंतर बघू.

अनुस्वार
टिंब, नाव आधी नोंदवून घ्या म्हणावं, नाहीतर इथलाच कुणीतरी पळवेल.

बोका
प्रेक्षकही तेच म्हणतात हो. नंतर बघू, ओटीटीवर येईलच.

ताळेबंद
पेशाने सीए आहे, त्यामुळे रसभंग करतो.

'युनिट' हा शब्द भाच्याला विसरायला सांगा. व्हॉट्सॲपवर "पाच लाख गुंतवा, नफ्यात वाटा मिळवा" असं दिसेल त्याला पाठवत असेल तर आजच थांबवा. लोकांकडून अशी गुंतवणूक गोळा करणं आपल्याकडे कायद्यात बसत नाही. खासगी कंपनीलासुद्धा शेअर द्यायचे तर निवडक माणसांनाच, वर्षाला जास्तीत जास्त २००, आणि जाहिरात न करता. "अमुक टक्के परतावा नक्की" असं लिहून पैसे घेतले तर २०१९ च्या अनियंत्रित ठेवींच्या कायद्याच्या दारात जाऊन उभं राहाल. लोकवर्गणीतून सिनेमे झालेत आणि होतात, पण देणाऱ्याला बदल्यात तिकीट, श्रेयनामावलीत नाव, पोस्टर असं काहीतरी देणं वेगळं आणि नफ्यात भागीदारी देणं वेगळं.

सात-आठ जणांसाठी एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) करा, सुटसुटीत पडते. करारात तीन गोष्टी हव्यात. पैसे आले की आधी कुणाचे फेडायचे तो क्रम. सिनेमाचे हक्क कुणाच्या नावावर आहेत ते. आणि खर्च ४८ चा ५५ झाला तर वरचे सात कोण घालणार. तिसऱ्यावरून भांडणं होतात. पहिल्या दोन्हींवर भांडायची वेळ बहुतेकदा येतच नाही, कारण पैसेच येत नाहीत.

शनवारातला
शेवटच्या वाक्याला दंडवत.

रीळवाला
सिनेमा आणि घरचे पैसे हे नातं आपल्याकडे पहिल्या दिवसापासूनचं आहे. फाळक्यांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकली, सरस्वतीबाईंचे दागिने गेले. पैसा देणाऱ्याला पटावं म्हणून त्यांनी आधी मटाराचं रोप उगवतानाची छोटी फिल्म करून दाखवली, ते मला मोठं वाटतं. नुसतं बोलले नाहीत, दाखवलं. मग १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र'.

आणि आपण पुणेकर प्रभातच्या नावाने उसासे टाकतो. १९२९ साली कोल्हापुरात पाच भागीदारांनी कंपनी काढली, १९३३ ला पुण्यात आणली, त्याच जागेत १९६० पासून फिल्म इन्स्टिट्यूट आहे. शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर ही नावं लोक घडाघडा सांगतात. पाचवं विचारा. सीताराम कुलकर्णी. सराफ होते, पैसा त्यांनी उभा केला. लॉ कॉलेज रस्त्यावरून रोज जाणाऱ्या दहा जणांना विचारून बघा, एकाला येणार नाही. तर ताई, पाच लाख दिलेत तरी नाव राहील या भ्रमात राहू नका 🙂

पश्चिमा
'मंथन' विसरलात का सगळे? १९७६. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले, दहा लाखांत सिनेमा झाला. त्या हिशेबाने भाच्याला २४ लाख माणसं हवीत फक्त.

शनवारातला
त्यामागे सहकारी दूध महासंघ होता हो. भाच्याच्या मागे मावशी आहे.

जुन्नरी
शनवारातला, चेष्टा बाजूला ठेवा, कारण मुद्दा नेमका तिथेच आहे. 'मंथन' लागला तेव्हा तेच शेतकरी ट्रक भरभरून तो बघायला गेले. पैसे देणारा आणि तिकीट काढणारा माणूस एकच होता. संघटनेकडे दहा लाख रुपये होते यापेक्षा पाच लाख माणसांचे पत्ते होते, हे मोठं.

दुसरं उदाहरण तर आपल्या फिल्म इन्स्टिट्यूटच्याच विद्यार्थ्याचं, जॉन अब्राहम (मल्याळी दिग्दर्शक, हिंदीतला नट नव्हे). त्यांच्या ओडेसा गटाने केरळात गावोगाव चॅप्लिनचा 'द किड' दाखवला, लोकांसमोर झोळी फिरवली आणि जमलेल्या पैशांतून १९८६ ला 'अम्मा अरियान' केला. आधी माणसं जमवली, मग सिनेमा. आपले लोक उलट करतात आणि मग माणसं शोधत चौकात उभे राहतात.

लाईटदादा
एक विचारू का? एवढी चर्चा झाली, कुणी कामगारांचं नाव काढलं नाही. ४८ लाखांत २२ दिवस कसे बसतात माहितीये? आम्हाला "अर्धे आत्ता, अर्धे रिलीजनंतर" सांगून. म्हणजे खरे फायनान्सर आम्हीच. मावशी निदान विचार करून पैसे देणार आहेत, आम्हाला कुणी विचारतही नाही. एका सिनेमाचे माझे ११ हजार २०१९ पासून यायचेत. दिग्दर्शक चांगला मुलगा आहे, फेस्टिवलचे फोटो टाकतो, मी लाईक करतो.

खटपट्या
दादा, ऐकून मान खाली गेली. आमच्याकडेही दोघांचे राहिले होते. एकाचे दिले, दुसऱ्याचा नंबर बदललाय असं मी स्वतःला सांगत आलोय. आज शोधतो.

सुमनगंध
लाईटदादा, त्या कागदात तुमच्या लोकांचं काय लिहिलंय ते बघते आणि सांगते.

मिरची
अवांतर: गावात शूटिंग म्हणजे बकऱ्या, कोंबड्या, बैल आलेच. प्राणी दाखवायचे तर ॲनिमल वेल्फेअर बोर्डाची परवानगी शूटिंगच्या आधी काढावी लागते, त्यांचं ना हरकत नसेल तर सेन्सॉर अडतं. माझ्या मैत्रिणीच्या लघुपटात मागून एक शेळी चालत गेली. कुणी बोलावलं नव्हतं तिला. शेवटी तो शॉटच गेला, आणि तो एकच शॉट मला आवडला होता.

अनुस्वार
शेळी गेली जिवानिशी ऐवजी शॉट गेला शेळीपायी.

टिंब
बोर्डाचं ऑफिस हरियाणात, शेळी भोरची. तिला कळणार कसं.

पश्चिमा
परदेशी फंडांचं काय? 'कोर्ट' या मराठी सिनेमाला रॉटरडॅम महोत्सवाच्या ह्युबर्ट बाल्स फंडाची मदत होती. नोव्हेंबरात गोव्यात एनएफडीसीचा (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा) फिल्म बाजार भरतो, तिथे सहनिर्माते भेटतात म्हणे. आणि २०२५ च्या सनडान्सला (अमेरिकेतला महोत्सव) मराठी 'साबर बोंडं'ने मोठा पुरस्कार घेतलाच की.

खटपट्या
अर्ज जरूर करावेत, संहिता घासूनपुसून होते हा फायदा कुठे जात नाही. पण अशा एका नावामागे नकाराच्या मेलचा ढीग असतो. आमचा पिफला (पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव) घेतला होता, मराठी विभागात. सभागृह गच्च, लोक पायऱ्यांवर बसलेले. मला वाटलं, आता काय, जिंकलो! ती सगळी गर्दी पासवाली होती. सिनेमा लागला तेव्हा त्यांचा बघून झाला होता.

ओटीटीचंही सांगतो, कुणीतरी विचारणारच आहे. आम्हाला एकरकमी कुणी दिलं नाही. लोकांनी जेवढे तास बघितलं त्यावर पैसे ठरले. पहिल्या तिमाहीत आलेल्या रकमेत सासऱ्यांना शर्ट घेतला.

जुन्नरी
आता माझा अनुभव. दोन वर्षांपूर्वी एका मित्राचा सिनेमा थिएटरातून उतरल्यावर आम्ही तो नारायणगाव, जुन्नर, मंचर, ओतूर असा फिरवला. शाळांचे हॉल, एक मंगल कार्यालय, एका पतसंस्थेचं सभागृह. तिकीट शंभर. आमचा प्रोजेक्टर, भाड्याचे स्पीकर. ओतूरला दुपारचा खेळ होता आणि हॉलला सोळा खिडक्या. पडदे नव्हते. बचत गटाच्या बायकांनी घरून सतरंज्या आणल्या आणि सुतळीने खिडक्यांना बांधल्या. एका सतरंजीला भोक होतं, त्यातून उन्हाचा ठिपका सबंध सिनेमाभर नायिकेच्या अंगावरून सरकत गेला. दीडशे माणूस होतं, कुणी उठलं नाही.

अकरा खेळ झाले. हॉल, डिझेल, चहा वजा जाता प्रत्येक खेळाला सरासरी सहा-सात हजार उरले. म्हणजे सगळे मिळून सत्तरेक हजार. खर्च कुठे भागतो म्हणाल तर नाहीच भागत. पण थिएटरातून मित्राला मिळाले त्याच्यापेक्षा हे जास्त होते. प्रत्येक ठिकाणी आम्ही वहीत नावं आणि नंबर लिहून घेतले. सव्वाशे पानी वही भरत आली. पुढच्या सिनेमाला ती उपयोगी पडेल, निदान मित्र तसं म्हणतो.

दोन सूचना. तिकीट लावून दाखवायचं तर सेन्सॉरचं प्रमाणपत्र हवंच, "छोटा खासगी खेळ आहे" चालत नाही. आणि गावातला एक माणूस आधी हवा. पोस्टरने कुणी येत नाही, मास्तरांनी सांगितलं की येतात.

शनवारातला
गावात ठीक आहे. पुण्यात कोण येणार? पुणेकर फुकटच्या खेळालासुद्धा पार्किंग आहे का विचारतो.

रीळवाला
शनवारातला, फिल्म आर्काइव्हच्या (राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय) थिएटरात कामाच्या दिवशी संध्याकाळी गेलात तर कळेल. आमच्या ओळखीची चाळीस-पन्नास डोकी कुठल्याही भाषेतल्या सिनेमाला असतातच. पार्किंगचा प्रश्न मात्र खरा आहे.

सुमनगंध
(तीन आठवड्यांनी धागा वर काढतेय, क्षमस्व.)

फाळक्यांच्या मटारावरून एक सुचलं. भाच्याने दोन वर्षांपूर्वी वीस मिनिटांचा लघुपट केला होता. गेल्या भिशीला आम्ही चौदा जणी जमलो, तेव्हा मी तो टीव्हीवर लावला. कुणाचा आहे ते सांगितलं नाही. पहिली पाच मिनिटं भिशीचा नंबर, कुणाची तरी कामवाली, कचोरी कुठून आणली, हे सगळं चालू. सहाव्या मिनिटाला त्यात एक म्हातारी रेशनच्या रांगेत आपली पिशवी ठेवून निघून जाते. तिथून खोलीत चिडीचूप. संपल्यावर एक जण म्हणाली, "पिशवीचं पुढे काय झालं ते दाखवायला हवं होतं." आणि दोघींचं त्यावरून वाजलं, दाखवायला हवं होतं की नको. मी हे सगळं फोनवर त्याला सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "मावशी, कोण बोलली ते नाव लिहून ठेव."

मग त्याला घेऊन बसले. कागद दुसऱ्यांदा लिहिला. २२ चे १८ दिवस झाले, दोन प्रसंग त्याने कापले (रडत). लाईट आणि इतर कामगारांपुढे खरोखरच "५०% नंतर" होतं. ते खोडून पूर्ण रक्कम लिहिली. जुन्नरी म्हणतात तशी माणसांची यादी सुरू केलीये; भोरकडच्या दोन शाळा, एक वाचनालय आणि माझी भिशी. प्रसिद्धी व प्रदर्शनापुढे आता ८ लाख आहेत आणि ते शूटिंगच्या खात्यात जाणार नाहीत. ताळेबंदांनी सांगितल्याप्रमाणे एलएलपीचं काम एका ओळखीच्यांकडे दिलंय.

पाच नाही, मी दोनच देतेय. ते दोन्ही त्या आठातले. बँकेत खातं उघडलं, दोन सह्यांशिवाय पैसे निघत नाहीत, त्याची आणि माझी. मुलगी बोलत नाहीये, होईल ठीक.

ताळेबंद
दोन सह्या! जियो. वरचा खर्च कोण घालणार ते कलम लिहिलंत ना?

सुमनगंध
लिहिलं. दिग्दर्शक घालणार. त्यावर सही करताना त्याचा हात थांबला होता.

बोका
मावशी निर्मात्या झाल्या. रुमाल उचलून तिकिटासाठी टाकतोय, शेवटून तिसरी रांग.

लाईटदादा
मावशी, लाईटवाले ठरले का? भोरला माझे दोन पोरगे आहेत. ॲडव्हान्स आधी.